रानगव्याचं विसर्जन

कस्तुरीने जीप का घेतली याचं कारण तिने प्रत्येकाला निराळं सांगितलं. शंतनूला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं की ती सुरक्षित असते. पुण्याला आईला फोनवर सांगितलं की शंतनूचीच फार इच्छा होती. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं की दिसते तेवढी रुंद नाही हो, खांबाला लागणार नाही. खरं कारण तिने कोणालाच सांगितलं नाही. ऐकणाऱ्याने नुसती मान हलवली असती, आणि तशा हललेल्या माना यशूच्या जन्मापासून तिने पुष्कळ पाहिल्या होत्या.

खरं कारण असं, की ते दोघं गेले होते एक पांढरी, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखी ऑटोमॅटिक गाडी बघायला. शंतनू मायलेज विचारत होता तेवढ्यात यशूला शू लागली. ती करवून परत येताना मायलेकी चुकून शेजारच्या शोरूममध्ये शिरल्या. तिथे रानगवा उभा होता. रानगवा हे त्या जीपचं कंपनीने ठेवलेलं नाव. चौकोनी, शेवाळी रंगाचा, आणि तोंडावर असा भाव की जणू त्याला कोणीतरी आत्ताच काहीतरी लागट बोललंय. यशू म्हणाली, "आई, वर!" म्हणून कस्तुरी पायरीवर पाय देऊन वर चढली, स्टिअरिंगमागे बसली, आणि बऱ्याच दिवसांनी तिला पोटभर श्वास घेता आला.

कस्तुरी काळजी करायची. काळजी सगळ्याच आया करतात, पण कस्तुरी ती शिकल्यासवरल्या बाईसारखी, पद्धतशीर करायची. ती द्राक्षाचे चार तुकडे करायची आणि मग त्या तुकड्यांकडे संशयाने बघायची. बाल्कनीला जाळी लावून घेतल्यावर ती जाळी कशाने तुटू शकेल याचा विचार करायची. बंगळुरातल्या रस्त्यावर तर तिला उघडी गटारं, उलटे येणारे स्कूटरवाले आणि पाणी भरलेले अंडरपास हे सगळे आपल्याच मुलीच्या मागावर आहेत असं वाटायचं. त्या सीटवरून मात्र हे सगळं तिच्या गुडघ्याच्या खाली होतं. पहिल्यांदाच ती जगाकडे वरून बघत होती.

"हीच," ती म्हणाली.

"ही?" शंतनू म्हणाला. "अगं, आपल्याला यशूला प्लेस्कूलला सोडायचंय. चालत जाता येतं तिथे."

पण ज्या बायका सहसा हट्ट करत नाहीत त्यांनी एकदा केला की तो मोडता येत नाही, कारण तो मोडायची कोणाला सवयच नसते. रानगवा बनशंकरीत आला आणि खांबाला लागला.

गाडी आली की सल्ले येतातच, पण पांढऱ्या गाडीला येतात त्याच्या चौपट जीपला येतात. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी तिला टप काढून टाकायला सांगितलं. दुसऱ्या एकांनी टपावर अजून एक टप बसवायला सांगितलं. समोरच्या फ्लॅटमधले आप्पाजी मात्र गाडीभोवती तीन फेऱ्या मारून, बॉनेटवर थाप देऊन म्हणाले, "अय्यो, हा तर आमच्या फॅक्टरीत होता की!"

आप्पाजी आणि हेमलताअक्का हे बंगळुरात जन्मून, वाढून, म्हातारे झालेलं मराठी जोडपं. आप्पाजी एका सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं होतं, की ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. रानगव्याचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता.

"लढाई संपल्यावर गोऱ्यांचं सैन्य गाड्या इथेच टाकून गेलं बघ. त्यातली एक बघून बघून पिंपरीच्या एका माणसानं पहिला रानगवा केला. ड्रॉइंग नाही, काही नाही. नुसतं बघून! म्हणून पहिल्या लॉटला दारंच नव्हती."

"का?"

"त्यानं जी बघितली होती ना, तिची दारं कोणी चोरली होती."

मग म्हणे फॉरेस्टवाल्यांनी रानगवे घेतले, देवीची लस टोचणाऱ्यांनी घेतले आणि कुटुंबनियोजनवाल्यांनी घेतले. खेड्यात रानगवा शिरला की अर्धं गाव बघायला धावायचं आणि उरलेलं अर्धं उसात पळायचं. कंपनीने इतक्या वर्षांत तीनच मॉडेलं काढली. दुसऱ्यात दारं आली, तिसऱ्यात एसी. "बाकी तोच तो," आप्पाजी अभिमानाने म्हणाले, जणू पिंपरीच्या त्या माणसाशेजारी पाना धरून तेच उभे होते. "चढ असो, गाळ असो, स्वल्पसुद्धा कुरकुर नाही."

हे ऐकून कस्तुरीला भरून आलं. त्याच दिवशी ती बंगळुरातल्या रानगवा मालकांच्या ग्रुपमध्ये शिरली.

या ग्रुपला ते लोक 'हर्ड' म्हणत. कस्तुरी मनातल्या मनात कळप म्हणे. कळपाचा म्होरक्या रोशन. पाच दिवस इंदिरानगरच्या एका ऑफिसात बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहायचा आणि रविवारी चिखलात शिरायचा. कळपाची एक निशाणी होती: बॉनेटवर लावायचा, शिंगवाल्या गव्याच्या तोंडाचा स्टिकर. तो विकत मिळत नसे. गाडीच्या चाकाला मधल्या गोलाच्या वरपर्यंत चिखल लागल्याशिवाय, आणि रोशनची खात्री पटल्याशिवाय, तो कोणालाही मिळत नसे. कस्तुरीने हे सगळं शंतनूला फार उत्साहाने सांगितलं. तिथेच चुकलं.

"ठरलं तर," शंतनू म्हणाला. तो प्रोजेक्ट मॅनेजर होता, आणि कुठल्याही गोष्टीला शेवटची तारीख लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. "आयुधपूजेपर्यंत, म्हणजे आपल्या खंडेनवमीपर्यंत, बॉनेटवर तो स्टिकर दिसला तर गाडी राहील. नाही दिसला, तर आयुधपूजेला हार त्या पांढऱ्या गाडीला. कबूल?"

"कबूल," कस्तुरी म्हणाली.

त्यानंतर कळप तीनदा बाहेर पडला. पहिल्या वेळी यशूने दोन शिंका दिल्या. दुसऱ्या वेळी त्या डोंगरावर जळवा असतात असं कस्तुरीने वाचलं, आणि एकदा वाचल्यावर ते न वाचल्यासारखं करणं तिला कधीच जमलेलं नव्हतं. तिसऱ्या वेळी तिने उपग्रहाच्या नकाशावर सगळी वाट मोठी करकरून तपासली. वाटेत एक काळा ठिपका होता. तो म्हैस असू शकत होता, किंवा विहीर. म्हैस असण्याची शक्यता जास्त होती, पण कस्तुरी विहिरीच्या बाजूने विचार करणाऱ्यांपैकी होती. मग पितृपक्ष लागला, आणि आईने पुण्याहून बजावलं की या पंधरवड्यात नवीन काही नको.

एवढ्या अवधीत रानगव्याने डांबर सोडलं नाही. तयारी मात्र अशी झाली, की शंतनू डिकी उघडायला भ्यायचा. आत जाड दोरखंड होता, फावडं होतं, दोन प्रथमोपचार पेट्या होत्या (दुसरी, पहिली सापडली नाही तर), शिट्टी, विजेरी, साखरमिठाची पाकिटं आणि यशूच्या कपड्यांचे तीन जोड. "आपण प्लेस्कूलला चाललोय की सीमेवर?" शंतनू विचारायचा. आणि गाडीबरोबर आलेली जाडजूड पुस्तिका, जी जगात कोणीही उघडत नाही, ती कस्तुरीने यशूला झोपवता झोपवता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती. 'पाण्यातून गाडी नेताना' हे प्रकरण तर दोनदा.

घटस्थापनेच्या सकाळी ती घटासाठी माती शोधायला मागच्या बाल्कनीत गेली आणि तिथे तिला शाडूचं पोतं दिसलं.

भाद्रपदात मराठी मंडळाने शाडूचे गणपती करायची कार्यशाळा घेतली होती. माती खास पेणहून मागवली होती, आणि उरलेलं अर्धं पोतं 'तुझ्याकडे जागा आहे' म्हणून कस्तुरीच्या बाल्कनीत येऊन पडलं होतं. कस्तुरीने पोत्याकडे पाहिलं. मग जाळीतून खाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या, चकचकीत, निष्कलंक रानगव्याकडे पाहिलं. मग पुन्हा पोत्याकडे.

या क्षणी तिच्या मनात पाप नव्हतं, एवढं तिच्या बाजूने लिहून ठेवायला हवं. ती फक्त असा विचार करत होती, की चिखल म्हणजे तरी काय, माती आणि पाणी.

यशूला दुपारी हेमलताअक्कांकडे झोपवून ती कालवलेल्या मातीची बादली घेऊन खाली उतरली. आधी घाबरत घाबरत चाकांना लावली. मग मडगार्डला. मग तिला रंग चढला. वरणाच्या डावाने तिने दारांवर असे काही शिंतोडे उडवले की रानगवा थेट एखादी नदी तुडवून आलाय असं वाटावं. कार्यशाळेत गणपतीच्या सोंडेला जी सफाई तिला काही केल्या जमली नव्हती, ती आज मागच्या बंपरला जमली. तिने कुंपणाजवळच्या झुडपांपाशी गाडी नेऊन फोटो काढला आणि हात धुण्याआधीच कळपावर टाकला.

 लगेच रोशनचा व्हॉइस मेसेज आला: "मॅडम! ये मिट्टी कहाँ की है?"

कस्तुरीच्या हातातला डाव खाली पडला. इतका वेळ तिच्या लक्षात न आलेली गोष्ट आता फोटोत लख्ख दिसत होती. ग्रुपवरच्या प्रत्येक गाडीला लागलेला चिखल लाल होता. बंगळुराच्या चहूबाजूंना माती लाल. आणि तिचा रानगवा पेणच्या शाडूत न्हाऊन, राखाडी, साजूक, गणपतीच्या कारखान्याबाहेर उभा असावा तसा उभा होता.

'कनकपुरा रोडच्या पुढे,' तिने लिहिलं. 'आतल्या बाजूला.' कनकपुरा रोडच्या पुढे आतल्या बाजूला निम्मं कर्नाटक येतं.

आता आपण पकडले जाणार, अशी तिची खात्री होती. पण उत्साही माणसांना संशय घ्यायला वेळ नसतो. कळपात एक भूगर्भशास्त्र शिकलेले गृहस्थ होते. त्यांनी जाहीर केलं की असा राखाडी गाळ या भागात त्यांनी पाहिलेला नाही आणि ही मोठी गोष्ट आहे. कोणीतरी 'सीक्रेट ट्रेल!' असं लिहिलं. त्याखाली अंगठे उगवले. मग रोशनने निकाल दिला: येत्या रविवारी सगळा कळप तिथे जाणार, सगळ्यांत पुढे कस्तुरी मॅडमची गाडी राहणार, आणि स्टिकर तो स्वतः, त्याच जागेवर, स्वतःच्या हातांनी देणार.

म्हणजे आता तिला दहा-बारा गाड्या घेऊन अशा जागी जायचं होतं, जी नव्हती.

"कधी गेलीस तू?" संध्याकाळी शंतनूने विचारलं.

"तू ऑफिसात होतास तेव्हा."

"एकटी?"

"मग?" ती म्हणाली. हा 'मग' तिला स्वतःला इतका आवडला, की क्षणभर खरंच आपण जाऊन आलो असं तिला वाटलं.

सकाळी उठल्याबरोबर तिने ठरवलं, की आधी पुरावा धुऊन टाकायचा, जागेचं नंतर बघू. पण सोसायटीत टँकरचं पाणी. गाडी धुताना दिसाल तर दंड, असा बोर्ड जिन्यात लागलेला. ती गाडी घेऊन रिंग रोडवरच्या वॉशिंग सेंटरला गेली. तिथल्या माणसाने पाण्याची नळी उगारली, मग खाली घेतली. मडगार्डवरून बोट फिरवलं. बोटाला सोनेरी रंगाचे कण लागले. कार्यशाळेत मुलांनी मुकुट रंगवताना ते मातीत सांडले होते.

"अक्का, इदु गणेशन मण्णु," तो म्हणाला. ही गणपतीची माती. आणि त्याने ते बोट डोळ्यांना लावून पंप बंद केला.

"अहो, नुसतीच माती आहे ती," कस्तुरी म्हणाली. तो हात जोडून उभा राहिला, तिच्याकडे नव्हे, मडगार्डकडे.

ती हिरमुसून परत आली तर पार्किंगमध्ये हेमलताअक्का भाजीची पिशवी घेऊन उभ्या. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली आणि मागच्या चाकाशी एकदम थबकल्या. मडगार्डला एक वळलेला गोळा चिकटला होता. कोणाच्या तरी फसलेल्या गणपतीची सोंड होती ती, पोत्यात तशीच परत गेलेली.

"कस्तुरी," अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "हे काय गं केलंस?"

कस्तुरीने सगळं सांगून टाकलं. पैज, कळप, डाव, सगळं. अक्कांनी पैजेकडे लक्षच दिलं नाही.

"त्या मातीला मी स्वतः हळदकुंकू वाहिलंय, मृत्तिकापूजन करून. आणि तू ती नळीनं गटारात सोडायला निघालीस? अय्यो रामा!"

"मग आता काय करू, अक्का?"

"विसर्जन."

"गाडीचं?"

"मातीचं गं! पण माती गाडीला लागली, तर गाडी बरोबर जाणारच की. वाहत्या पाण्यात नाहीतर तळ्यात न्यायची, आरती करायची, तीनदा बुडवायची. सरी? चालेल ना?"

"बुडवायची?" कस्तुरीच्या डोळ्यांपुढे तो काळा ठिपका उभा राहिला.

"पूर्ण कशाला? चाकं भिजली की पुरे. देव समजून घेतो."

इतक्यात आप्पाजी खाली आले. त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं. त्यांनी पुन्हा बॉनेटवर थाप दिली आणि म्हणाले, "जागा मी दाखवतो. आमच्या फॅक्टरीचा गणपती आम्ही रानगव्यात घालूनच न्यायचो की, केरेवर." केरे म्हणजे तळं. "तळ्याच्या तोंडाशी ट्रॅक्टर उतरतात तशी वाट आहे. पाणी गुडघ्याला. गाळ मात्र भारी हं, काळा-करडा."

"कुठे आहे ते?" कस्तुरीने विचारलं.

"कनकपुरा रोडच्या पुढे," आप्पाजी म्हणाले. "आतल्या बाजूला."

रविवारी सकाळी रानगवा निघाला तेव्हा मागे कळप होता, आणि पुढे शंतनूला न उलगडलेलं कोडं होतं. "ट्रेलला अक्का कशाला येतायत?" त्याने हळूच विचारलं. "आणि मांडीवर ताट कसलं आहे?"

"त्यांना बघायचंय," कस्तुरी म्हणाली. ती चालवत होती. तिची छाती लग्नातल्या ताशासारखी वाजत होती. यात भीती किती आणि आनंद किती हे तिला वेगळं काढता येत नव्हतं. मागच्या सीटवर यशू आप्पाजींच्या तालावर झांज वाजवत होती.

डांबर संपलं. एक धक्का बसला, आणि रानगवा आयुष्यात पहिल्यांदा मातीवर आला. कस्तुरीला वाटलं, त्याच्या तोंडावरचा तो दुखावलेला भाव गेला असणार. उतरून बघायचा तिला मोह झाला.

तळं आप्पाजींनी सांगितलं तसंच होतं. रुंद, शांत, कडेला बगळे, आणि मधून पलीकडे निघणारी ट्रॅक्टरची वाट. कळपातले लोक टपाटप उतरले. भूगर्भशास्त्रवाले गृहस्थ गाळ चिमटीत धरून आनंदाने मान हलवू लागले. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की कस्तुरीला वाटलं, अक्का आता काही बोलल्या नाहीत तर आपण सुटलो.

अक्का खाली उतरल्या. त्यांनी रानगव्याच्या बॉनेटला कुंकू लावलं, सोंडेच्या गोळ्याला फूल वाहिलं, कापूर पेटवला आणि आरती सुरू केली. आप्पाजींनी दुसरा सूर धरला.

"मॅडम," रोशन कस्तुरीजवळ येऊन कुजबुजला, "ये क्या चल रहा है?"

तिने काही सांगायच्या आधी अक्कांनीच आरती थांबवून, एकाही माणसाला शंका राहू नये अशा खणखणीत कन्नडमध्ये सगळं सांगितलं. ही गणपतीची माती. ही मुलीने घरी गाडीला लावली, फोटोसाठी. आता विसर्जन आहे. चपला काढा.

 दहा-बारा जणांनी एकाच वेळी आधी गाडीकडे आणि मग कस्तुरीकडे पाहिलं. भूगर्भशास्त्रवाल्यांनी चिमटीतला गाळ हळूच खाली टाकला. शंतनू मडगार्डपाशी गेला, वाकला, आणि सोंडेकडे बघत राहिला.

"म्हणजे हा चिखल नाहीच?"

"माती तर आहे," कस्तुरी म्हणाली. पण तिचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला नाही. आपण कोणाला दिसू नये इतकं लहान व्हावं, असं तिला वाटलं. पण ती उभी होती रानगव्याशेजारी, आणि रानगव्याशेजारी लपायला जागा भरपूर असली तरी लपता येत नाही, कारण सगळे बघत असतात त्यालाच.

रोशन घसा खाकरून म्हणाला, "सॉरी मॅडम. इसपे स्टिकर नहीं दे सकता." मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तळ्याकडे हात केला. "लेकिन कीचड़ तो सामने ही है."

शंतनू उठला. तो वाईट माणूस नव्हता. बायकोचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना. "राहू दे कस्तुरी," तो म्हणाला. "चावी दे. पाण्यात मी नेतो. आपण विसर्जन करू आणि घरी जाऊ."

कस्तुरीने चावी मुठीत धरली. घरी जाऊ म्हणजे कुठे जाऊ, हे तिला माहीत होतं. पांढऱ्या साबणाच्या वडीत. पुन्हा खाली, गटारांच्या आणि स्कूटरवाल्यांच्या उंचीला.

"लो कुठे असतं माहीत आहे तुला?" तिने विचारलं.

"लो काय?"

"दुसरा दांडा, कमी वेग आणि जास्त जोर देणारा. पाण्यात शिरायच्या आधी गाडी थांबवून टाकायचा. एकदा पाण्यात शिरल्यावर तो हलवायचा नाही, आणि चाक सरकलं तरी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही. पान एकशे बारा."

तिने यशूला आप्पाजींच्या कडेवर दिलं. "तिला काठापासून लांब ठेवा. बगळ्यामागे धावते. माती तोंडात घालते. टोपी काढू देऊ नका. रडली तर बिस्किट आहे, पण अर्धंच, आणि..." यशू टाळ्या वाजवत "आई, जा!" म्हणाली. कस्तुरी वर चढली.

शेजारचं दार उघडलं आणि हेमलताअक्का ताटासकट चढून बसल्या.

"अक्का, तुम्ही नको!"

"मग तीन वेळा कोण मोजणार? चल."

कस्तुरीने दुसरा दांडा खाली ओढला. आत कुठेतरी जड असं काहीतरी नीट बसल्याचा आवाज आला. मग रानगवा उतरला. आधी पाणी चाकांशी खेळलं, मग पायरीपर्यंत आलं, आणि मग गाडीखालची जमीन मऊ झाली. मागचं चाक सरकलं. कस्तुरीच्या तोंडातून किंकाळी निघाली, पण पाय हलला नाही. पुस्तिकेत किंकाळीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

"एक!" अक्का ओरडल्या. "आता स्वल्प हिंदे! मागे घे!"

मागे घेतली. "आता मुंदे! पुढे, पुढे! दोन!" अक्कांचा पदर एका बाजूला, ताट दुसऱ्या बाजूला, आणि नारळ कस्तुरीच्या पायांशी गडगडत आलेला. राखाडी शाडू गाडीवरून विरघळत पाण्यात पसरत होती, आणि तिच्या जागी काळाभोर गाळ दारापर्यंत उडत होता. कस्तुरी हसत होती. कधीपासून हसत होती कोणास ठाऊक. तिसऱ्या वेळी तिने मागे घेतलीच नाही. अक्का "तीन!" म्हणाल्या आणि ती सरळ पलीकडच्या काठाला लागली. अलीकडच्या काठावर कळपाने, त्यातल्या कूर्गच्या, कोचीच्या, कानपूरच्या सगळ्यांनी, आप्पाजींनी सुरू करून दिलेला 'मोरया' असा काही उचलला की बगळे उडाले.

हा सगळा प्रकार जवळून चित्रित करायला रोशन स्वतःचा रानगवा घेऊन पाण्यात शिरला होता. एका हातात फोन असल्याने त्याने पाय उचलला. त्याचा रानगवा मधोमध, गाळात, पोटावर बसला.

"रस्सी है किसी के पास?" रोशनने ओरडून विचारलं. कळपात सगळ्यांकडे दोर होते. घरी.

कस्तुरी त्याच्या बाजूने पाण्यातूनच अलीकडच्या काठाला परत आली आणि तिने डिकी उघडली. दोरखंड होता. फावडं होतं. दोन्ही पेट्या होत्या. तिने यशूच्या जन्मापासूनची साडेतीन वर्षांची काळजी एक एक करून बाहेर काढली, दोर बांधला, आणि उत्साहाच्या भरात शिट्टीसुद्धा वाजवली. रानगवा एकदा घुरघुरला, आणि त्याने म्होरक्याला गाळातून असं काढून आणलं, जसा हट्टी पोराला लग्नाच्या मांडवातून काढतात.

"मॅडम," ओलाचिंब रोशन तिच्यासमोर येऊन उभा राहिला. खिशातून त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतला स्टिकर काढला. कळप टाळ्या वाजवू लागला. कस्तुरीने स्टिकर सोलून बॉनेटवर दाबला.

तो गळून पडला.

पुन्हा दाबला. पुन्हा पडला. बॉनेटवर बोटभर गाळ होता. दारावर गाळ होता, काचेवर गाळ होता. रुमालाने पुसलं तर रुमालाचा गाळ झाला. चिखल लागल्याशिवाय स्टिकर मिळत नाही, आणि चिखल लागल्यावर तो चिकटत नाही, ही अडचण इतकी वर्षं नियम चालवूनही कळपाच्या कधी लक्षात आली नव्हती, कारण बाकीचे तो घरी नेऊन गाडी धुऊन लावत.

"घरी जाऊन लावू," शंतनू म्हणाला. "आधी गाडी धुऊ..." आणि थांबला. सोसायटीचा बोर्ड त्यालाही आठवला असावा. "पण पैज बॉनेटवरची होती हं," तो सवयीने पुटपुटला.

यशू आप्पाजींच्या कडेवरून उतरून इकडेतिकडे बघत होती. त्या सगळ्या काठावर कोरडी आणि स्वच्छ अशी एकच वस्तू शिल्लक होती. तिने आईच्या हातातून स्टिकर घेतला, बाबाला खाली वाकायला लावलं, आणि त्याच्या पांढऱ्याशुभ्र, इस्त्रीच्या टी-शर्टवर, बरोबर छातीवर, दोन्ही हातांनी थापटून बसवला.

"बाबा रानगवा!" ती म्हणाली.

टी-शर्टवर स्टिकर छान बसला. इतका, की परतताना शंतनूने तो काढून पाहिला तेव्हा शर्टाचेच धागे यायला लागले. मग त्याने नाद सोडला. बनशंकरीच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने मान वर करून आधी गाडीकडे पाहिलं, मग शंतनूच्या छातीवरच्या शिंगवाल्या तोंडाकडे, आणि विचारलं, "सार, गाडी यारदु?" गाडी कोणाची?

शंतनूने स्टिअरिंगमागे बसलेल्या, नाकाच्या शेंड्यापर्यंत चिखलाने माखलेल्या बायकोकडे बोट दाखवलं.

"आणि आयुधपूजेला हार कुठे घालायचा?" मागून अक्कांनी विचारलं.

"गाडीला," शंतनू म्हणाला. थोडं थांबून त्याने छातीवर हात ठेवला. "उरला तर मला."

सिग्नल सुटला. पुढे रस्त्यात एक उघडं गटार होतं. कस्तुरीने ते वरून पाहिलं, आणि आरामात बाजूने गाडी काढली.